आत्यांचा नमुना फार मोठा आहे

माझ्या बायकोच्या आत्या हयात आहेत तोवर यवतमाळ जिल्ह्यात कोणालाही हरवणं जमणार नाही. पोलिसांना न सापडणारी, नातेवाइकांना न सापडणारी, काही तर स्वतःलाही न सापडणारी माणसं आत्यांना सापडतात. याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. एकतीस वर्षं त्या यवतमाळच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, आणि त्या काळात फोन लावण्यासाठी नंबर लागतो हे त्यांना मान्यच नव्हतं. आर्णीच्या एका गृहस्थानं एकदा बाभुळगावच्या वानखड्यांसाठी ट्रंक कॉल मागितला. कोणते वानखडे, ते त्याला सांगता येईना. "त्यायच्या घरी लाल गाय हाय," एवढीच खूण. आत्यांनी बाभुळगावातले फोनवाले सगळे वानखडे एका लाइनीवर घेतले आणि हुकूम सोडला, "ज्यांच्याकडे लाल गाय असेल त्यांनी बोलावं, बाकीच्यांनी फोन ठेवावा." फोन कोणीच ठेवला नाही. गाय निघाली, वानखडेही निघाले, आणि उरलेल्यांपैकी दोघांनी त्याच लाइनीवर मुलामुलीची सोयरीक जमवली. त्या लग्नाचं पहिलं आमंत्रण एक्स्चेंजला आलं होतं म्हणतात.

"कोणी सुटायला नको" हे आत्यांचं जीवनविषयक तत्त्वज्ञान. आमच्या लग्नाच्या पत्रिकांवरची नावं त्यांनीच लिहिली. आमच्या वऱ्हाड प्रांतात एकच माणूस कधी वानखडे असतो, कधी वानखेडे. त्याच्या सातबाऱ्यावर तिसरंच काही असतं आणि त्याच्या मुलाच्या मार्कशीटवर चौथं. कोणाचा मान दुखावू नये म्हणून आत्यांनी प्रत्येक पाकिटावर सगळे पर्याय तिरप्या रेघा मारून लिहिले. प्रत्येकाला आपल्या नावाशेजारी आपलं चुकीचं नावही छापील अक्षरासारखं वाचायला मिळालं, त्यामुळे मान सगळ्यांचा सारखाच दुखावला. भाजीवाल्याला द्यायची त्यांची चिठ्ठीही अशीच. "मेथी, नसेल तर पालक, पालक कोवळा नसेल तर चवळी, पण चवळी असली आणि मेथीही असली तर मेथीच, आणि कोथिंबीर असली तर असो." तो बिचारा चिठ्ठी वाचून संपवेपर्यंत दुसरी गिऱ्हाइकं मेथी घेऊन गेलेली असत.

अशा बाईच्या हाती मी रेग्युलर एक्स्प्रेशन दिलं. हा दोष माझा, आणि तो मी सुरुवातीलाच कबूल करून टाकतो.

झालं असं. आमच्या भागातल्या एका जुन्या शिक्षणसंस्थेनं आपल्या गावोगावच्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवली. आजोबा-पणजोबांची शाळेतली नोंद ही आजकाल सोन्याहून दुर्मिळ वस्तू झाली आहे. जातीचा दाखला, त्याची पडताळणी, सगळं त्या पिवळ्या पानावरच्या एका ओळीवर येऊन टेकतं. मी आर्णीत घरी बसून बाहेरगावच्या लोकांचे प्रोग्राम लिहितो, म्हणून नोंदी शोधायचं पान करायचं काम संस्थेच्या सचिवांनी माझ्या गळ्यात घातलं. पान झालं, पण त्यात कोणी सापडेना, कारण रजिस्टरात कोणाचंच नाव नातवंडांना माहीत असलेल्या पद्धतीनं लिहिलेलं नव्हतं. तेव्हा मी त्यात नमुन्यानं शोधायची सोय केली; आमच्या धंद्यात या नमुन्यालाच रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. नेमकं नाव न लिहिता नावाचा नमुना लिहायचा. इथे हे अक्षर किंवा ते, हे असलं तर असो, हे इतक्या वेळा येऊ शकतं, अशा खुणांनी. मशीन तो नमुना आधी आपल्या मेमरीत उलगडून मांडतं आणि मग एकेक नाव त्याला लावून बघतं. या खुणा शिकायला कॉलेजातल्या पोरांना महिना लागतो. आत्या आमच्या घरापासून तीन घरं सोडून राहतात. त्या सहज म्हणून चहाला आल्या आणि दुपारभरात शिकल्या.

"यात शिकायचं काय आहे, जावईबापू? मी जन्मभर हेच तर बोलत आले."

पंधरा दिवसांत त्यांची ओसरी म्हणजे तहसील कचेरीची शाखा झाली. मारेगावपासून महागावपर्यंतची माणसं येत, आज्याचं नाव सांगत, आत्या डोळे मिटून ते ऐकत आणि मग मी दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर नमुना लिहीत. सुरुवातीला खरोखरच नोंदी सापडल्या. सचिवांना इतका आनंद झाला की त्यांनी मला न विचारता ही सोय जनतेसाठी खुली केल्याचं जाहीर केलं आणि वर्तमानपत्रात स्वतःचा फोटो दिला. मी त्यांना म्हटलं, "साहेब, बाहेरून कोणीही काहीही नमुना पाठवेल, तो आपलं मशीन डोळे झाकून उलगडत बसेल. हे बरं नाही." ते म्हणाले, "आपल्या जनतेवर विश्वास ठेवायला शिका."

चौथ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मशीन बसलं. चोर नाही, व्हायरस नाही. मशीननं शेवटी काय काय शोधलं ते मी तपासलं तर तीन फूट लांबीचा एक नमुना सापडला. त्यात जिल्ह्यातल्या सगळ्या आडनावांची सगळी रूपं एकमेकांशी सगळ्या प्रकारांनी जोडलेली होती. नमुना कोणाचा हे विचारायची गरज नव्हती. त्याच्या शेवटी "असली तर असो" होतं.

संस्थेनं तातडीची सभा घेतली. आपल्याकडे कुठलीही वस्तू अपुरी पडली की ती अपुरी का पडली हे न विचारता मोठी आणायची पद्धत आहे. त्यानुसार चौपट मेमरीचं मशीन आणायचा ठराव झाला. मशीन आलं, त्याला हार घातला गेला, नारळ फुटला, आणि सचिवांनी पहिला शोध घ्यायचा मान या कार्यातल्या ज्येष्ठ सेविका म्हणून आत्यांना दिला. आत्या म्हणाल्या, "आता जागा ऐसपैस झाली आहे म्हणतात, तर मागच्या वेळी राहून गेलेलेही घेऊन टाकते." नारळाचं खोबरं वाटून व्हायच्या आत ते मशीन बसलं. सचिवांनी भाषण मात्र पूर्ण केलं.

मग मी माझी अक्कल चालवली. नमुना दोनशे अक्षरांहून लांब असला तर घ्यायचा नाही, असा नियम घातला. मला वाटलं, मोठा रोग लहान गोळीनं बरा झाला. आत्यांनी कुरकुर केली नाही. उलट त्या म्हणाल्या, "ठीक आहे, तारेत लिहायचो तसं थोडक्यात लिहू." आणि त्यांनी लिहिलं. कोणतंही अक्षर हजार वेळांपर्यंत येऊ शकेल, आणि हे सगळं पुन्हा हजार वेळांपर्यंत येऊ शकेल. पोस्टकार्डाच्या कोपऱ्यात मावेल एवढा मजकूर. पण मशीनला तो वाचून भागत नाही, प्रत्येक वेळेसाठी वेगळी जागा मांडावी लागते. हजार पाटांची पंगत, आणि अशा हजार पंगती. दहा लाख पाट मांडता मांडताच मशीननं मान टाकली. जेवायला अजून कोणी आलंही नव्हतं. मी नंतर विचारलं, "आत्या, हजार अक्षरांचं नाव कोणाचं असतं?" त्या शांतपणे म्हणाल्या, "अजून सापडलं नाही म्हणून नसतंच असं कसं म्हणता?"

हसून सोडून देण्यासारखी गोष्ट होती, पण त्या दिवशी आत्यांच्या ओसरीवर प्रल्हादभाऊ बसले होते. फुलसावंगीजवळच्या एका तांड्यावरचे हे शेतकरी. मुलगी हुशार, नर्सिंगला नंबर लागलेला. आठ दिवसांत पडताळणीचा प्रस्ताव दाखल करून त्याची पावती कॉलेजात दिली नाही तर जागा जाणार होती. प्रस्तावाला आज्याची शाळेतली नोंद हवी होती. आज्याचं नाव थावरा, त्याच्या बापाचं लछमा. तो नमुना आत्यांनी याच थावरासाठी लिहिला होता. मशीन बसलं, आणि ज्या खोलीत ते होतं तिची किल्ली खिशात घालून सचिव नागपूरला लग्नाला गेलेले. ते येईपर्यंत तीन दिवस गेले. प्रल्हादभाऊ रोज मोटरसायकलवर येत आणि ओसरीच्या कडेला बसत.

"बाई, माहा आज्या एक साल शाळेत गेलता. तो सोताच सांगे. नाव असलंच पाह्यजे," ते पुन्हापुन्हा म्हणत. "पोरगी काही बोलत नाही जी. पन जेवत बी नाही."

तिसऱ्या दिवशी आत्यांनी मला विचारलं, "हे माझ्यामुळे झालं का हो?" मी किल्लीसाठी सचिवांना पुन्हा फोन लावला.

किल्ली आली त्या दुपारी बसून मी खरी मर्यादा घातली. नमुना लांब आहे की आखूड, हे विचारायचंच नाही. मशीन तो उलगडायला लागलं की पाटागणिक मोजत जायचं, आणि ठरलेल्या जागेपुढे एक पाट जरी गेला तरी तिथेच हात धरून थांबवायचं. नमुना नाकारला जाईल, पण मशीन उभं राहील आणि बाकीच्यांचं काम चालू राहील. हे सोपं काम मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. गडबडीत नाकारल्यानंतरचा संदेश मात्र आमच्या धंद्यातल्या भाषेत लिहून मोकळा झालो. "अविश्वसनीय स्रोताकडून आलेला नमुना फार मोठा असल्याने नाकारण्यात आला आहे."

अर्ध्या तासात बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आत्याला काय म्हणालात तुम्ही?"

"काही नाही."

"मग ती लॅपटॉप आपल्या दारात ठेवून का गेली?"

मी लॅपटॉप उचलून त्यांच्या घरी गेलो. आत्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या.

"अविश्वसनीय," त्या म्हणाल्या. "जावईबापू, अर्ध्या जिल्ह्याच्या भानगडी या दोन कानांनी ऐकल्या. कोणाची जमीन कोण घेतंय, कोणाचं लग्न काहून मोडलं, कोणता पुढारी रडत रडत कोणाला फोन करतो. या कानातलं त्या तोंडानं कधी बाहेर गेलं नाही. आज तुमचं मशीन मला अविश्वसनीय म्हणून राह्यलं."

"आत्या, ते तुम्हाला नाही. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला तेच म्हणतं."

"सचिवांना?"

"त्यांनाही."

"तुम्हाला?"

मी त्यांचाच हजार वेळा हजारचा नमुना माझ्या नावानं टाकला. मशीननं मलाही त्याच शब्दांत हाकलून दिलं. आत्यांनी चष्मा लावून तो संदेश दोनदा वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर थोडं समाधान दिसलं.

"म्हणजे राग माणसावर नाही?"

"नाही. उलगडताना किती जागा खातो, त्यावर आहे. माणूस भला असला तरी पाट तेवढेच लागतात."

"मग तसं लिहा ना मराठीत," त्या म्हणाल्या. "'नमुना फार मोठा आहे, कृपया लहान करून आणावा.' आम्ही लाइन नसली तरी 'कृपया' म्हणायचो." मी तिथेच बसून संदेश बदलला.

पण नमुना लहान करणं म्हणजे कोणाला तरी सोडून देणं, आणि ते आत्यांच्या हातून होईना. दुसऱ्या दिवशी प्रल्हादभाऊंसमोर त्यांनी नऊ नमुने लिहिले आणि मशीननं कृपया म्हणत नऊच्या नऊ परत केले. लहान केलेले चार चालले, पण त्यांत थावरा नव्हता. ठावरा, तावरा, थावरू, थावऱ्या, कोणीच नव्हतं. दहाव्याला आत्यांनी लॅपटॉप मिटला.

"तुमच्या आजोबांबरोबर शाळेत गेलेलं कोणी आहे का तांड्यावर?"

"चुलत आज्या हाय जी, सोमला. लय म्हातारा झाला. ऐकू कमी येते."

"मला जोरात बोलता येतं. लावा फोन."

फोन लागला. आत्यांनी पाठ सरळ केली आणि सवयीनं म्हणाल्या, "यवतमाळ एक्स्चेंज बोलतेय."

"कोन?" पलीकडून म्हातारा ओरडला. "कायले फोन केला?"

"आजोबा, तुमच्या शाळेत मास्तर कोण होते?"

"कोनते? मारनारे का शिकवनारे?"

"दोन्ही सांगा."

"एकच होते. पुन्याकडचे. त्याहिले आमचं बोलनं काही समजे नाही. माहं नाव सोमला. मास्तर म्हने असं नाव नसते, उद्यापासून तू सोमनाथ. आमच्या बापाले इचारलं नाही ना काही नाही."

आत्या खुर्चीत पुढे सरकल्या. "आणि थावराचं काय केलं मास्तरांनी?"

"थावरा कायचा टिकते! सालभरात गेला बैलामांगं. अन् होता तवाबी हजेरीले कधी हो म्हनेच नाही. मास्तर त्याले काहीतरी अलगच नाव घेऊन बोलावत. त्याले वाटे, दुसऱ्या कोनाले बोलावून राह्यले."

"थावरा हे नाव कशावरून ठेवलं होतं?"

"थावरले झाला म्हनून थावरा. आमच्या बोलीत शनिवारले थावर म्हन्तेत. पन मास्तरले काय मालूम!"

आत्यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ ओठ हलवत बसून राहिल्या. आपण पुण्याकडचे मास्तर आहोत, शुद्धलेखनाचे कडक आहोत, समोर उभ्या असलेल्या पोराची बोली आपल्याला कळत नाही, आणि त्याचं नाव आपल्या कानाला अर्धवट लागतंय, असं त्यांचं चाललं होतं. मग त्यांनी लॅपटॉप उघडला आणि एकच शब्द लिहिला. एकही खूण नाही, 'किंवा' नाही, 'असलं तर असो' नाही.

स्थावर.

मशीननं पापणीही न हलवता एक ओळ पुढे ठेवली. स्थावर लक्ष्मण, जात लमाण, गाव तेच. वरच्याच ओळीत सोमनाथ. आणि शेवटच्या रकान्यात, शाळा सोडण्याचे कारण: बैलांमागे गेला.

आत्या म्हणाल्या, "पिढ्यान्‌पिढ्या बैलांवर मीठ-धान्य लादून मुलुख पालथा घातला यांच्या घराण्यानं, आणि मास्तरांनी पोराला स्थावर करून टाकलं. नशीब, शेजारी जंगम बसवला नाही." पण हसलं कोणीच नाही. प्रल्हादभाऊ उठून जवळ आले होते आणि स्क्रीनवरच्या त्या ओळीवर बोट ठेवून उभे होते.

"आज्या मरेपर्यंत सांगे," ते म्हणाले, "मी सालभर शाळेत बसलो, पन मास्तरनं मले एक दिवस बी हाक नाही मारली."

पुढचं सरकारी असल्यामुळे व्हायचं तसंच झालं. खिडकीतल्या साहेबांनी थावरा आणि स्थावर हे एकच कशावरून, असं विचारलं. सोमला आज्याला जीपमध्ये घालून आणून त्याचं प्रतिज्ञापत्र केलं. त्यावर सही करताना त्याला सोमला लिहू की सोमनाथ असा प्रश्न पडला, आणि साहेबांना आणखी एक प्रतिज्ञापत्र लागलं. पण मुदतीच्या आदल्या दिवशी प्रस्ताव दाखल झाला, पावती मिळाली आणि मुलगी कॉलेजात गेली. सचिवांनी या प्रकरणाचा वार्षिक अहवालात उल्लेख केला. त्यात सगळं श्रेय नव्या मशीनला होतं.

मर्यादा तेव्हापासून आहे तिथेच आहे. मशीन पुन्हा बसलेलं नाही. आत्यांचे नमुने मात्र हळूहळू बदलले. त्या आता आधी विचारतात. गाव कोणतं, शाळा कोणाची, मास्तर कुठले, नाव कोणी ठेवलं. लोक सांगत बसतात, ओसरीवर दोन-दोन तास जातात, आणि शेवटी जो नमुना लिहिला जातो तो बोटभर असतो.

गेल्या दिवाळीनंतर एक दिवस त्या स्वतःहून माझ्याकडे आल्या. बायको घरात नाही हे बघून आल्या असाव्यात. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, ती मर्यादा थोडी वाढवता येते का हो?"

"काहून, आत्या? आता तर तुमचं छान बसतंय त्यात."

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "नाव नीट ऐकू येत नाही आजकाल. थ म्हणाले की ध म्हणाले, कळत नाही. माणसांना तीनतीनदा विचारायची लाज वाटते. म्हणून म्हटलं, जरा जास्त अक्षरं धरून ठेवते."

तो आकडा बदलायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी बदलला नाही. उठून चहा ठेवला. दुसऱ्या दिवसापासून दुपारी मी माझं काम घेऊन त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायला लागलो. घरी वारा येत नाही, असं सांगितलं. थंडीचे दिवस होते. त्यांनी शेजारी एक खुर्ची मांडली.

काल घाटंजीकडची एक बाई आली होती. तिनं पणजोबाचं नाव सांगितलं. आत्यांनी नेहमीसारखे डोळे मिटले, थोड्या वेळानं उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची सरकवून त्यांच्या कानाशी वाकलो आणि ते नाव एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. त्यांनी मान हलवली, कळफलकावर हात ठेवले, आणि मग माझा हात धरून हळूच म्हणाल्या,

"पुन्हा एकदा सांगा."